वासाचा रकाना

माघ सरत आला की आमच्या तंजावरात एकेक वास अंगावर येऊ लागतो. सांबा भाताची कापणी आटोपलेली असते, कालव्याकाठच्या शेतांतून ओलसर पेंढ्याचा गोडूस वास येतो. पापनाशमच्या रस्त्याला लागलं की भाताच्या गिरण्या. तिथे उकड्या तांदळासाठी भात हौदात भिजत घालतात, आणि त्या पाण्याला असा आंबूस, कुजका वास सुटतो की बसमधला परगावचा माणूस रुमाल शोधायला लागतो. आमच्यातलं कुणी नाक धरत नाही. तो भात आमचा, हौद आमचा, आणि गिरणीमालक देवळाच्या उत्सवाला देणगी देणारा असतो.

याच दिवसांत माझ्या वाट्याला आणखी एक वास येतो, शाळेच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला. प्रॅक्टिकल परीक्षेचा हंगाम. काल कपाट उघडून मुलींसाठी बाटल्या काढायला लागले, झिंक सल्फाइडची बाटली हाताला लागली आणि नाकात कुजक्या अंड्यांचा वास भरला. बाटली घट्ट बंद होती. तरी भरला. मग घरी आले आणि हे लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे, कारण आमच्या घरात मराठी सगळे बोलतात पण ती वाचता मला एकटीलाच येते. लग्नानंतर काही वर्षं सोलापुरात काढली, त्याची ही एवढीच कमाई. शाळेत तर वाचणारं कुणीच नाही. निर्धास्त लिहिता येतं.

अकरावीच्या मुलींना एक अनोळखी पांढरी पूड द्यायची आणि तिच्यात कुठलं मीठ आहे ते ओळखायला सांगायचं, असा तो प्रयोग. उत्तरपत्रिकेत तीन रकाने असतात: काय केलं, काय दिसलं, त्यावरून काय ठरलं. हा क्रम सुंदर आहे. आधी हात, मग डोळे, शेवटी डोकं. प्रत्यक्षात कुठल्याही शाळेत जाऊन बघा, मुली तिसरा रकाना आधी भरतात. पुडीच्या रंगावरून, पाण्यात विरघळते की नाही त्यावरून, नाहीतर शेजारणीच्या भुवयांवरून त्यांना मीठ कळलेलं असतं. मग पाठ केलेलं ‘काय दिसलं’ सुबक अक्षरात लिहून काढायचं. टेस्ट ट्यूब कोरडी असते आणि कागदावर पांढरा साका पडलेला असतो. आम्ही शिक्षक हे बघतो आणि हसतो. माझंही हसून झालेलं आहे. त्या वर्षानंतर हसू आलं नाही.

त्या वर्षी वर्गात कयल होती. पापनाशमच्या बाजूच्या एका खेड्यातून बसने यायची, डब्यात बहुधा ताक-भात असायचा, आणि बर्नर पेटवताना इतर मुली किंचाळायच्या तशी ही किंचाळायची नाही. बाकी वर्गातल्या कुठल्याही मुलीसारखी मुलगी. दिव्या नावाच्या मुलीबरोबर तिची जोडी होती. दोघी एका ओट्यावर काम करायच्या, एका काडीने दोन बर्नर पेटवायच्या, एकमेकींच्या वेण्यांवर हसायच्या. पोंगलच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा शाळेची मैल्याची टाकी तुंबली होती. ती उपसायला लॉरी आली. भरदुपारी, मधल्या सुटीत. लॉरीवरच्या माणसाने पाइप जोडला, हात धुतले, आणि व्हरांड्यात उभ्या असलेल्या कयलला हाक मारली. सकाळी ती बसचा पास घरी विसरली होती, तो द्यायचा होता. तिने धावत जाऊन घेतला आणि “अप्पा, जेवलात का?” असं विचारलं. झालं ते एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून कयलला वास येऊ लागला. म्हणजे दिव्याला येऊ लागला, मग तिच्या मागच्या मुलींना, मग दुसऱ्या तुकडीतल्या मुलींनाही, ज्या कयलपासून एक जिना दूर बसत. दिव्याची आई हेडमिस्ट्रेसबाईंना भेटून गेली. मुलीला मळमळतं, अभ्यासात लक्ष लागत नाही, जागा बदलून द्या. मी रजेवर होते त्या दिवशी जागा बदललीही. कयलला खिडकीजवळच्या कोपऱ्यातला ओटा मिळाला. खिडकी आहे, हवा खेळती राहील, असं मला सांगण्यात आलं. मला त्या शब्दांचीच किळस आली. टाकीत साचलं होतं ते आमचं सगळ्यांचं होतं. हेडमिस्ट्रेसबाईंचं, दिव्याचं, माझं. त्या माणसाने ते उचलून गावाबाहेर नेलं, आणि वास त्याच्या मुलीला चिकटला.

किळस हा काय प्रकार आहे, हे मला नीट कळत नाही. आमच्या घरचंच बघा. माझे थोरले भाऊ, अण्णा, समाजशास्त्र शिकवून निवृत्त झाले. त्यांना रस्समात हिंग जरा कमी पडला तर ताट सरकवतात. हिंगाचा वास कशाचा? गंधकाच्या संयुगांचा. अंड्याचा वास कशाचा? त्याच गंधकाचा. पण शेजारी कुणी अंडं उकडलं की अण्णा खिडकी लावून घेतात, आणि हिंगाच्या डबीला नाक लावून म्हणतात, आहाहा. कालही म्हणाले. गंधकाला बिचाऱ्याला आपण कुणाच्या घरचे हे ठाऊक नसतं, ते अण्णांच्या नाकाला ठाऊक असतं.

तर त्या वर्षी स्टाफरूममध्ये सिद्धांतांचा पाऊस पडला. जीवशास्त्राचे नटराजन सर मनाने वाईट नाहीत, वर्गणी मागितली की पहिली नोट त्यांची. त्यांनी फळ्यावर लिहावं तसं समजावून सांगितलं की किळस ही शरीराची राखणदार आहे. कुजलेलं, सडलेलं, रोगट काही जवळ आलं की नाक आकसतं, पोट उलटतं. ज्या पूर्वजांना असं झालं नाही ते आजारी पडून मेले. आपण उरलो ते किळस येणाऱ्यांचे वंशज. तेव्हा मुलींना दोष देऊन काय उपयोग? ही प्रतिक्रिया आहे, मॅडम, तुमच्या टेस्ट ट्यूबमधल्यासारखी. अॅसिड पडलं की वायू येणार. मी त्यांना विचारलं, की पोंगलच्या आधी सहा-सात महिने ही राखणदार झोपली होती का? ते म्हणाले, कधी कधी मेंदूला आधी माहिती मिळावी लागते. आणि चहा प्यायला लागले.

घरी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांना उत्साहच आला. निवृत्त झाल्यापासून त्यांना असा ताजा मासला मिळत नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की घाण ही वस्तूत नसते, ती जागा चुकलेल्या वस्तूत असते. समाज आपल्याभोवती कुंपण घालतो आणि कुंपणावरून जो पलीकडे जाऊ बघतो त्याला वास येतो. लॉरीवरचा माणूस लॉरीवर होता तोवर कुणाला काही वाटलं नाही. त्याची मुलगी बर्नर पेटवायला शेजारी उभी राहिली तेव्हा वाटलं. मला हे अगदी पटलं. इतकं पटलं की मी हातातली पळी खाली ठेवून ऐकत राहिले. मग विचारलं, की उद्या सकाळी मी काय करू?

अण्णा पेल्यातून डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, कॉफी वरखाली ओतत म्हणाले, “अंबू, तूं एवढी कां तापतेस? अस्कीला वेळ लागतो. पिढ्या जातात.”

अस्की म्हणजे सगळं. हा शब्द महाराष्ट्रात आता कुणी बोलत नाही, आमच्याकडे अजून आहे. आमच्याकडे पुष्कळ काही अजून आहे. आजोबांच्या काळी सोवळ्यात असलेल्या माणसाला लहान मुलाचा सुती सदरा लागला तर पुन्हा आंघोळ, हे अण्णा गमतीने सांगतात आणि त्यावर त्यांनी परिषदेत निबंधही वाचलेला आहे. निबंधाला टाळ्या पडल्या. घरी भांडी घासायला येते तिचा पेला मात्र अजूनही मोरीच्या फळीवर निराळा असतो. मी तो उचलून आत ठेवते, कुणीतरी तो परत फळीवर ठेवतं. विचारलं तर कुणीच ठेवलेला नसतो.

उरल्या हेडमिस्ट्रेसबाई. त्या आठवड्यातून एकदा नीतिपाठ घेतात. त्यांनी मला समोर बसवून शांतपणे सांगितलं, की कृतीचं मोल हेतूवरून ठरतं. मुलींचा हेतू कुणाला दुखवायचा आहे का? नाही. त्यांना मळमळतं, हे खोटं आहे का? नाही. मग दोष कुणाचा? कुणाचाच नाही. आणि दोष कुणाचाच नसेल तर आपण फक्त सगळ्यांची सोय बघायची. ही सोय म्हणजे काय, तर कयलची परीक्षा इतर मुलींची झाल्यावर, शेवटी, एकटीची घ्यायची. तिलाही मोकळं वाटेल. ‘मोकळं’ हा शब्द त्यांनी इतक्या मायेने उच्चारला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीआधी सुटतं तसं.

तिघांचंही खरं असेल. मी कुठलाच सिद्धांत खोडून काढू शकले नाही, आणि मला खोडायचाही नव्हता. मी स्वतः सिद्धांत शिकवूनच पोट भरते. रेणू एकमेकांवर आदळावे लागतात, नुसते आदळून भागत नाही, पुरेशा जोराने आणि बरोबर बाजूने आदळावे लागतात, तेव्हा कुठे क्रिया होते. हे फळ्यावर लिहिताना मला अजूनही छान वाटतं. पण आम्ही ते शिकतो ते कशासाठी? क्रिया वाढवायची असेल तर तापवावं, थांबवायची असेल तर गार करावं, एवढं तरी हाती यावं म्हणून. घर पेटलेलं असताना ज्वलन कसं होतं हे समजावून सांगत अंगणात उभा राहणारा रसायनशास्त्रज्ञ मी पाहिलेला नाही. माणसांच्या बाबतीत मात्र स्पष्टीकरण मिळालं की काम झालं. कारण कळलं, म्हणजे माफ. प्रतिक्रिया हा शब्द आमच्या टेस्ट ट्यूबमधून उचलून त्यांनी माणसांना लावला, का, तर टेस्ट ट्यूबला कुणी जाब विचारत नाही म्हणून. मला त्या मुलींपेक्षा या शहाण्यांची जास्त शिसारी आली.

खरी शिसारी पुढेच होती. एका दुपारी नटराजन सर म्हणाले, आणि ते थट्टेत म्हणाले असं मला अजून मानायचं आहे, की तुमच्याकडे लेड अॅसिटेटचे कागद असतातच, धरा एक त्या मुलीजवळ, काळा पडला तर वास खरा, नाही पडला तर प्रश्न मिटला. कुजक्या अंड्यांच्या वासाचा जो वायू, तो लागला की हा पांढरा कागद काळा पडतो, हे त्यांना माहीत होतं. स्टाफरूममधले दोघं-तिघं हसले. हेडमिस्ट्रेसबाई हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या.

मी उठून प्रयोगशाळेत गेले. शाळा सुटलेली होती. कयलच्या ओट्यापाशी उभी राहिले आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतला. वास होता. खरोखरच होता, आणि मुलगी तिथे नव्हती. मी ओट्याशेजारच्या सिंकवर वाकले, कागद ओला करून जाळीजवळ धरला. बघता बघता तो तपकिरी झाला, मग काळा, वर चांदीसारखी झाक. मग आठवलं. सल्फाइडचा प्रयोग झाला की उरलेलं सगळं त्या सिंकमध्ये ओतायचं अशी आमच्याकडे फार जुनी पद्धत. खिडकीजवळचं आहे, वास बाहेर जाईल. वर्षानुवर्षं दर मुलीने तिथेच ओतलं होतं आणि खालचा पाइप तुंबून बसला होता. म्हणजे आधी तिला वास येतो म्हणून कोपऱ्यात पाठवलं, आणि मग कोपऱ्यात उभी असते म्हणून तिच्याभोवती वास येऊ लागला. तिसरा रकाना आधी भरला, की दुसरा असा आपोआप भरतो.

काळा कागद मी हेडमिस्ट्रेसबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी प्लंबर बोलावला. त्याने पाइप काढून, धुऊन, ब्लीचिंग टाकून बसवला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नुसता ब्लीचिंगचा वास होता. मी मुलींना सगळं समजावलं, कागद दाखवला, सिंक दाखवलं. दिव्याने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि कयल बाटली घ्यायला जवळून गेली तेव्हा दुपट्टा नाकाला लावला. मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती रडवेली झाली. मुलगी काही दुष्ट नव्हती. आता फार्मसी शिकते, सणासुदीला मला फोन करते.

“मिस, सिंकचा गेला, ते कळतंय मला,” ती म्हणाली. “हिचा येतोच.”

त्यानंतर कयल शाळेत यायची थांबली. परीक्षा तोंडावर आलेली. प्रॅक्टिकलला गैरहजर म्हणजे त्या विषयात नापास, आणि नापास म्हणजे घरी बसणं, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी फोन केला. बापाने उचलला आणि तिच्याकडे दिला. मी म्हटलं, सिंक साफ केलंय, आता कोपऱ्यात काही वास नाही.

ती म्हणाली, “येते मिस. पण कोपऱ्यात नको. आणि एकटी नको.”

मी हेडमिस्ट्रेसबाईंना सांगितलं की परीक्षा हजेरीच्या क्रमाने होईल आणि त्या क्रमात कयलचा ओटा दिव्याच्या शेजारी येतो. त्यांनी पुन्हा हेतू, सोय, मोकळं सुरू केलं. मी म्हटलं, क्रम बदलायचा असेल तर बदला, मी परीक्षेच्या अहवालात तसं आणि कशासाठी ते लिहीन, खाली आपण दोघी सही करू. क्रम बदलला नाही. जे काम विज्ञानाने केलं नाही, समाजशास्त्राने केलं नाही, नीतिपाठाने केलं नाही, ते वरून चौकशी येईल या भीतीने एका मिनिटात केलं. मी जिंकले होते आणि मला अंघोळ करावीशी वाटत होती.

परीक्षेच्या सकाळी बाहेरून परीक्षक आले, घामेजलेले, बरेच थकलेले गृहस्थ. पुड्या त्यांनीच वाटल्या, मला हात लावायची परवानगी नव्हती. कयलने पुडी उघडली. पांढरी, किंचित पिवळसर, पाण्यात विरघळेना. तिने वर माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की तिला कळलंय. झिंक सल्फाइड. पुढची पायरी पातळ अॅसिड. ते टाकलं की वास येणारच. कुजक्या अंड्यांचा, अस्सल, पुस्तकात लिहिलेला. दिव्या हातभर अंतरावर उभी होती.

कयलने अॅसिडची बाटली उचलली आणि धरून उभी राहिली. बाकीच्या मुली भराभर लिहीत होत्या. मी काही बोलू शकत नव्हते. परीक्षेत खूणही करायची नसते. मला वाटलं ही आता बाटली खाली ठेवणार. टेस्ट ट्यूब कोरडी ठेवून पाठ केलेलं सगळं लिहून टाकणार, इतर लिहितात तसं. कुणी विचारलं नसतं. पूर्ण गुण मिळाले असते.

तिने अॅसिड ओतलं. बर्नरवर जरा तापवलं. वास आला, आणि ओट्यावरून ओट्यावर गेला. दिव्याचा दुपट्टा वर गेला. मागे कुणीतरी खुसफुसलं, एक मुलगी खोकली, आणि दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली: बघितलंस? कयलने मान वर केली नाही. कागद ओला केला, ट्यूबच्या तोंडाशी धरला, तो काळा होऊ दिला, आणि दिव्याच्या व तिच्या मधे, ओट्याच्या फरशीवर, वाळत ठेवला. मग लिहायला लागली.

परीक्षकांनी पेपर तपासताना तिला बोलावलं. मीठ बरोबर होतं, कागद काळा पडल्याचं लिहिलेलं होतं, पुढच्या सगळ्या चाचण्या बरोबर. फक्त वायूच्या वासाचं एक अक्षर नव्हतं. इथे वास लिहायचा राहिलाय, ते म्हणाले. तेही चिडून नाही. लिहून टाक म्हणून पेन पुढे केलं.

“नाही सर,” कयल मुलींकडे बघून म्हणाली. “तो त्यांनी आधीच लिहून ठेवलाय.”

परीक्षकांना काही समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण समजावून सांगायला गेले असते तर ते आणखी एक स्पष्टीकरण झालं असतं. त्यांनी वासाचा एक गुण कापला आणि पेपर माझ्याकडे सरकवला. त्याखाली मी सही केली.